खालून 'टक' वाजतंय? जुन्या गाडीच्या सस्पेन्शनचा आवाज घरच्या अंगणात कसा शोधावा

माझ्या २००५ सालच्या मारुती ८०० ला पुढून, डाव्या बाजूने, 'टक' असा एक आवाज येऊ लागला होता. कुडाळहून मालवणला जाताना खड्डा आला की टक. मी गॅरेजला गेलो, "शॉकअप गेले" असं ऐकलं आणि पुढचे दोन्ही शॉकअप बदलून घेतले. टक तशीच. मग दुसरीकडे वरचं माउंटिंग, म्हणजे शॉकअप जिथे पत्र्याला जोडतात तो भाग, बदललं. टक तशीच. तिसऱ्या वेळी एका म्हाताऱ्या मेकॅनिक काकांकडे गेलो. मी 'डावीकडून, पुढून' वगैरे सांगू लागलो तर ते म्हणाले, "आवाज खंयसून (कुठून) येता तां सांगू नको. कधी येता तां सांग."

मला सांगता येईना. मग ते शेजारी बसले आणि दहा मिनिटं गाडी फिरवायला लावली. ब्रेक दाबला की एक टक. क्लच सोडून गाडी सुटली की एक टक. खड्ड्याचा संबंध एवढाच होता, की खड्डा दिसला की मी ब्रेक मारत होतो. काकांनी लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या) टोकाशी टॉमी (लोखंडी सळई) घातली, आर्म पुढे-मागे ढकलला आणि माझं बोट तिथे ठेवायला लावलं. बोटाखाली ती टक मला लागली. मारुती ८०० ला पुढचा स्टॅबिलायझर बार नुसता गाडी कलू नये म्हणून नसतो. लोअर आर्मला पुढे-मागे धरून ठेवण्याचं कामही तोच करतो. त्या जोडावरचं बुश (जोडात बसणारं रबरी नळकांडं) झिजलं की ब्रेक मारताना चाक थोडं मागे सरकतं आणि गाडी सुटताना पुढे येतं. शॉकअपच्या मानाने अगदी किरकोळ किमतीचं ते बुश होतं.

तेव्हापासून मी एक गोष्ट कटाक्षाने पाळतो. हाताला खेळ लागल्याशिवाय पार्ट विकत घ्यायचा नाही. आवाज पत्र्यातून आणि लोखंडातून धावतो. मागच्या चाकाचा ठोका कधी पुढच्या सीटखाली ऐकू येतो. कान जागा सांगतो ती बहुतेक वेळा अंदाजाची असते. हात सांगतो ती खरी. पुढे जे लिहितोय ते सगळं त्या हातापर्यंत पोचण्यासाठी आहे. पहिल्यांदाच गाडीखाली डोकावणाऱ्यालाही हे जमेल.

सगळ्यात आधी: ही गाडी चालवायची का?

नवा आवाज आला की शोधाशोध नंतर. आधी चार गोष्टी बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

चाकाचे नट पान्याने एकेक करून तपासा. पंक्चर काढून चाक लावताना नट नीट आवळले गेले नाहीत तर हळू चालवताना अगदी सस्पेन्शनसारखी टकटक येते, आणि पुढे चाक निखळू शकतं. मग चारही टायर फिरून बघा. आतली बाजूसुद्धा बघा, ती आपण कधीच बघत नाही. कुठे फुगा आला असेल तर तो टायर आजच बदला. नंतर टॉर्च घेऊन चाकाच्या कमानीत प्रकाश टाका आणि पुढच्या दोन्ही स्प्रिंगा एकमेकींशी ताडून बघा. एखाद्या स्प्रिंगचा खालचा वेढा तुटून बाजूला आला असेल तर तो टायरला घासून टायर फाडू शकतो. शेवटी गाडी सपाट जागी उभी करून चार पावलं मागे जा आणि समोरून बघा. एखादं चाक आत किंवा बाहेर कललेलं दिसतंय का?

चाक कललेलं असेल, स्टिअरिंग आपोआप एका बाजूला ओढत असेल, किंवा स्टिअरिंग फिरवताना खालून मोठा खटका बसून गाडी रस्त्यावर भरकटल्यासारखी वाटत असेल, तर बॉल जॉइंटवर, म्हणजे लोअर आर्म आणि चाकाचा गाभा जोडणाऱ्या गोल सांध्यावर, संशय घ्या आणि गाडी जागेवरच ठेवा. बॉल जॉइंट निसटला की चाक आडवं पडतं आणि गाडी स्टिअरिंगच्या ताब्यात राहत नाही. आंबोली किंवा करूळ घाटात उतरताना हे झालं तर काय होईल हे सांगायला नको. अशा वेळी मेकॅनिकला घरी बोलवा किंवा गाडी टो करून न्या. "हळूहळू नेतो" हा विचार इथे करू नका.

गाडी रिकामी करा

हे अनेकजण टाळतात आणि मग दिवसभर भुताच्या मागे लागतात. डिकीतला जॅक, पाना, स्टेपनीचा सैल झालेला बोल्ट, दाराच्या कप्प्यातली पाण्याची बाटली, सीटखाली घरंगळलेला नारळ, ग्लोव्ह बॉक्समधली नाणी, सगळं बाहेर काढा. स्टेपनीसुद्धा. मागच्या सीटची पाठ नीट लॉक झाली आहे ना, ते दाबून बघा. जुन्या हॅचबॅकमध्ये तिचा खटका हुबेहूब मागच्या शॉकअपसारखा वाजतो. बॉनेट आणि डिकीचं झाकण हाताने दाबून हलतंय का बघा.

मग इंजिन गार असताना सायलेन्सरचं टोक कापडाने धरून चारही बाजूंना हलवा. तो ज्या रबरी कड्यांवर टांगलेला असतो त्यातलं एक जरी तुटलं असेल तर खड्ड्यात 'डग' असा आवाज येतो. तो इतका सस्पेन्शनसारखा असतो की अनुभवी माणूसही फसतो. बॅटरीची पट्टीही हाताने ओढून बघा.

टायरमधली हवा गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिली आहे तेवढी करा. जास्त हवा भरली की गाडी दगडासारखी चालते आणि प्रत्येक आवाज दुप्पट वाटतो.

आता एक फेरी मारा. आवाज गेला असेल तर सुटलात.

आवाजाला नाव आणि वेळ द्या

वही काढा. मोबाइलमध्ये लिहिलंत तरी चालेल, पण लिहा. आपल्या भाषेत आवाजांना भरपूर शब्द आहेत आणि ते इथे खरंच कामाला येतात, कारण प्रत्येक शब्दामागे वेगळी बिघाडाची जात आहे.

'टक' किंवा 'खट' म्हणजे लोखंडावर लोखंड आपटतंय, कुठल्या तरी जोडात खेळ आहे. 'धप' म्हणजे काहीतरी शेवटपर्यंत दबून आपटतंय; स्प्रिंग बसली असेल किंवा आतलं रबरी बंप स्टॉप झिजून गेलं असेल. 'कुरकुर', 'कुईं' म्हणजे सुकलेलं रबर किंवा कोरडा जॉइंट. 'घरघर' जी वेगासोबत वाढते ती बहुधा चाकाचं बेअरिंग किंवा झिजलेला टायर. 'टकटकटकटक' अशी भराभर, चाकाच्या फेऱ्यांसोबत वाढणारी, आणि तीही फक्त पूर्ण स्टिअरिंग फिरवून पिकअप देताना, म्हणजे एक्सलचा बाहेरचा जॉइंट. तो सस्पेन्शनचा भागच नाही. त्यासाठी रिमच्या आतल्या बाजूला बघा, काळं ग्रीस उडालेलं दिसलं तर एक्सलचं रबरी बूट फाटलंय.

आणि मग वेळ. खड्ड्यात एकच चाक गेलं की येतो, की दोन्ही चाकं गतिरोधकावर चढली की? ब्रेक दाबताना? सोडताना? स्टिअरिंग जागच्या जागी फिरवताना? गाडी भरलेली असताना की रिकामी? सकाळी की दुपारी? पावसात?

पावसाचा प्रश्न आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. सुकलेल्या बुशचा कुरकुर आवाज जून लागला की गायब होतो, कारण पाणी आत शिरून रबर ओलं राहतं. माणूस समजतो, गाडी बरी झाली. ऑक्टोबरचं ऊन पडलं की कुरकुर परत सुरू. तुमच्या गाडीची ही गत असेल तर अर्ध निदान झालंच: ते रबर आहे, खेळ नाही.

भरलेल्या गाडीचंही तसंच. गणपतीला मुंबईहून पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन आलेल्या गाड्यांचे मागून धपधप आवाज मी दरवर्षी ऐकतो. सामान उतरलं की आवाज जातो आणि मालक विसरतो. बसलेल्या स्प्रिंगा आणि झिजलेली बंप स्टॉप परतीच्या वाटेवर तशीच असतात.

ओळखीच्या रस्त्यावर परीक्षा

अनोळखी रस्त्यावर आवाज शोधू नका. रोजच्या येण्याजाण्यातला, वाहतूक नसलेला, साधारण अर्ध्या किलोमीटरचा तुकडा निवडा, ज्यावर एक गतिरोधक आहे, थोडा फुटलेला डांबरी भाग आहे आणि एक वळण आहे. गावाकडच्या रस्त्यांवर हे सगळं दोनशे पावलांत मिळतं. महामार्ग ६६ चा काँक्रीटचा भाग या कामाला नको. तिथे काँक्रीटच्या लाद्यांच्या सांध्यांवरून जाताना टायर ठराविक तालात टपटप वाजतात. तो रस्त्याचा आवाज आहे, प्रत्येक गाडीला येतो.

काचा खाली, पंखा आणि रेडिओ बंद. शेजारी कुणालातरी बसवा. तुम्ही रस्ता बघायचा आणि त्याने ऐकायचं.

पहिली फेरी गतिरोधकावरून, अगदी चालण्याच्या वेगाने, सरळ. दोन्ही चाकं एकदम वर जातात आणि एकदम खाली येतात, त्यामुळे स्टॅबिलायझर बारला फारसं काम पडत नाही. या फेरीत आवाज नसेल, पण एकाच चाकाखाली खड्डा आला की येत असेल, तर स्टॅबिलायझर बारची बुश आणि लिंक रॉड (बारला सस्पेन्शनशी जोडणारी छोटी दांडी) यांच्यावर पहिला संशय. गतिरोधकावर आणि खड्ड्यात दोन्हीकडे येत असेल तर शॉकअपचं बुश, वरचं माउंटिंग, लोअर आर्म.

दुसरी फेरी फुटलेल्या भागावरून. तिथे बारीक खडखड येत असेल तर तोच तुकडा परत जा, पण या वेळी ब्रेकवर पाय अगदी हलका टेकवून. खडखड लगेच थांबली तर दोष सस्पेन्शनचा नाही. ब्रेकचे पॅड किंवा कॅलिपरच्या (पॅड धरणाऱ्या भागाच्या) पिना सैल आहेत. ही एक युक्ती कितीतरी लोकांचे शॉकअप वाचवेल. ती खडखड स्टिअरिंगच्या चक्रावर तळहाताला जाणवत असेल तर स्टिअरिंग रॅक (स्टिअरिंगचं फिरणं चाकांकडे नेणारी आडवी यंत्रणा) आणि टाय रॉड एंड (रॅकची दांडी चाकाला जोडणारा सांधा) वहीत लिहा.

तिसरी फेरी ब्रेकची. वीसच्या वेगावर गाडी आणा, ब्रेक दाबा, सोडा, दाबा, सोडा. मग उभी करा, पहिला गिअर, क्लच सोडा, थांबा. रिव्हर्स, सोडा, थांबा. माझ्या ८०० ची टक इथेच सापडली. इथे आवाज असेल तर लोअर आर्मची बुश किंवा इंजिनचं माउंटिंग.

चौथी फेरी घरघर असलेल्यांसाठी. चाळीस-पन्नासच्या वेगावर मोठ्या, मोकळ्या वळणावर घ्या. उजवीकडे वळताना गाडीचं वजन डाव्या चाकांवर जातं. उजव्या वळणावर घरघर वाढली तर डाव्या चाकाचं बेअरिंग, आणि उलट. वळणाने काहीच फरक पडत नसेल तर टायरवर हात फिरवून बघा, करवतीसारखे दाते लागतात का.

आवाज मागचा की पुढचा हेच कळत नसेल, तर मोबाइल रेकॉर्डिंगवर लावून टॉवेलमध्ये गुंडाळून डिकीत ठेवा आणि एक फेरी मारा. मग तोच मोबाइल पुढे पायाशी ठेवून दुसरी. दोन्ही रेकॉर्डिंग ऐकली की फरक कळतो. माणसाला डिकीत बसवू नका.

दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीने तुम्ही जात-येत असाल, तर बोटीच्या फळीवर चढताना कान द्या. तिथे पुढची चाकं हळूहळू पण खूप वर जातात आणि मागची खाली राहतात. रस्त्यावर दबलेला आवाज तिथे स्पष्ट ऐकू येतो.

उभ्या गाडीवर हात ठेवून

आता गाडी अंगणात, सपाट जागी. हँडब्रेक ओढा.

एकेका कोपऱ्यावर तळहात ठेवून गाडी जोरात खाली दाबा आणि सोडा. चांगल्या शॉकअपवर गाडी वर येते आणि थांबते. दोन-तीन झोके घेत राहिली तर शॉकअप ढिला झालाय. शॉकअपच्या नळीवर तेल गळून धूळ चिकटलेली असेल तर पक्कंच. पण शॉकअप ढिला असणं आणि आवाज शॉकअपचा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ढिला शॉकअप बऱ्याचदा मुकाट्याने ढिला असतो आणि आवाज त्याच्या वरच्या-खालच्या बुशचा असतो.

मदतनिसाला सीटवर बसवा, इंजिन चालू, गिअर न्यूट्रल. त्याला स्टिअरिंग जागच्या जागी हळू डावीकडे-उजवीकडे फिरवायला सांगा. तुम्ही बॉनेट उघडून दोन्ही बाजूंच्या स्ट्रटच्या (शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेल्या खांबाच्या) माथ्यावर, म्हणजे जिथे शॉकअप पत्र्याला जोडलेला असतो तिथे, बोटं ठेवा. पंख्यापासून आणि बेल्टपासून हात, बाही, ओढणी लांब. माउंटिंगचं बेअरिंग अडकत असेल तर स्प्रिंग आधी पीळ खाते आणि मग एकदम 'टंग' करून सुटते. ती उडी बोटांना लागते. माथ्याचा नट फिरताना डगमगतोय का तेही दिसेल.

मग इंजिन बंद, चावी चालू स्थितीत ठेवून स्टिअरिंग कुलूपमुक्त, आणि मदतनिसाने ते झटपट थोडंसं इकडेतिकडे हलवायचं. तुम्ही चाकाच्या मागे हात घालून टाय रॉड एंडवर बोटं ठेवा. जॉइंटच्या दोन भागांवर एकेक बोट असं ठेवायचं की एक भाग हलला आणि दुसरा उशिरा हलला तर कळावं. सुरुवातीला काही वाटत नाही. डावीकडे, मग उजवीकडे, परत डावीकडे असं केलं की दोन बाजूंतला फरक हातात उतरतो. जुन्या गाडीत 'बरोबर' काय असतं हे सांगायला तिची दुसरी बाजूच सगळ्यात भरवशाची.

कुरकुर असेल तर झाडांना पाणी मारायचा स्प्रे घ्या. मदतनिसाला कोपरा दाबत ठेवायला लावा आणि एकेका रबरी बुशवर पाणी मारा. एकावर मारा, थोडा वेळ थांबा, ऐका, मग दुसऱ्यावर. ज्या बुशवर पाणी पडल्यावर गाडी गप्प झाली, तेच बुश. सगळ्यांवर एकदम मारलंत तर काहीच कळणार नाही. आणि एक कळकळीची विनंती: रबरावर इंजिन ऑइल, डिझेल किंवा साधं ग्रीस लावू नका. पावसाळ्याआधी गाडीच्या पोटाला जुनं ऑइल मारून घेण्याची पद्धत आपल्याकडे आहे. ते बुशवर बसलं की रबर फुगतं, मऊ पडतं आणि लवकर फाटतं. काही लावायचंच असेल तर सिलिकॉन स्प्रे.

जॅकवर, पण चिऱ्यावर नाही

इथे थोडं थांबून वाचा.

कोकणात अंगणात हाताशी चिरा, म्हणजे जांभ्या दगडाचा ठोकळा, असतो, आणि गाडी उचलून तिच्याखाली चिरा सरकवायचा मोह होतो. करू नका. जांभा घरासाठी चांगला आहे, कारण भिंतीत त्याच्यावर वजन सगळीकडून सारखं पडतं. गाडीच्या पत्र्याची धार त्याच्या एका रेघेवर टेकली की तो सूचना न देता फुटतो. विटाही तशाच. गाडी टेकवायचे दोन जॅक स्टँड विकत घ्या, आयुष्यभर टिकतात. नसतील तर निदान काढलेली स्टेपनी आडवी करून गाडीच्या कडेखाली सरकवून ठेवा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकं, खांदा, पाय काहीही घालू नका. पुढच्या सगळ्या चाचण्या बाहेर बसून, हात फक्त टायरवर किंवा स्प्रिंगवर ठेवून होतात.

ओल्या मातीत जॅक रुततो, म्हणून त्याच्याखाली जाड फळी. पहिला गिअर, हँडब्रेक, आणि तिरप्या समोरच्या चाकाला दोन्हीकडून लाकडी पाचर. समुद्राजवळच्या जुन्या गाडीची जॅक लावायची कडही आतून गंजलेली असू शकते. आधी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बोदा आला किंवा पापुद्रे पडले तर तिथे जॅक लावू नका, तो पत्रा फाडून आत जाईल.

चाक जमिनीपासून चार बोटं वर आलं की टायर वरून आणि खालून धरा, घड्याळातल्या बारा आणि सहावर, आणि आत-बाहेर हलवा. खेळ लागला तर मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर व्हील बेअरिंग. तसाच राहिला तर बॉल जॉइंट किंवा त्याच्या आसपासचं काहीतरी. मग तीन आणि नऊवर धरा: इथला खेळ टाय रॉड एंडचा किंवा रॅकचा.

बॉल जॉइंटची खात्री करायची तर टायरखाली टॉमी किंवा मजबूत पहार घालून चाक हलकेच वर उचला आणि सोडा, आणि टॉर्चच्या उजेडात लोअर आर्म आणि चाकाचा गाभा यांच्यामधली फट बघा. ती उघडते-मिटते का? बॉल जॉइंटचं रबरी टोपण फाटून आत लाल माती शिरली असेल तर खेळ नसला तरी दिवस भरले असं समजा.

आता गिअर न्यूट्रल करा (पुढचं चाक गिअरमध्ये फिरत नाही), हँडब्रेक आणि पाचर तशीच ठेवा, आणि एक हात स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्या हाताने चाक फिरवा. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांना लागते, कानाला ऐकू येण्याच्या कितीतरी आधी.

लिंक रॉड असलेल्या गाड्यांबद्दल एक बारकावा. एकच चाक उचललं की स्टॅबिलायझर बार पिळला जातो आणि लिंक रॉड ताणून धरतो. झिजलेला जॉइंटही अशा वेळी घट्ट लागतो आणि "लिंक रॉड ठीक आहे" असा चुकीचा निकाल निघतो. लिंक रॉड तपासायचा तो चारही चाकं जमिनीवर असताना, गॅरेजच्या रॅम्पवर, हाताने धरून झटके देऊन.

मीठ आणि लाल माती

घाटावरच्या त्याच वयाच्या गाडीपेक्षा आपली गाडी वेगळी आजारी पडते. खारं वारं आणि चार महिन्यांचा पाऊस लोखंड खातो, आणि जिथे चिखल साचून ओल टिकते तिथे आधी खातो. स्प्रिंग ज्या बशीत बसते ती बशी बघा. माती भरलेली असेल तर काडीने उकरा, पाण्याने धुवा आणि स्प्रिंगचा शेवटचा वेढा बघा. तो बशीच्या आत तुटलेला असला तर वरून दिसत नाही, पण स्टिअरिंग फिरवताना 'खण' करतो. मागच्या शॉकअपचे खालचे बोल्ट, आर्मचे बोल्ट, आणि बॉनेटखाली स्ट्रटच्या माथ्याभोवतीचा पत्रा बघा. त्या पत्र्याला तडा किंवा फुगवटा असेल तर ते वेल्डरचं आणि जाणत्या माणसाचं काम आहे, आणि ते होईपर्यंत गाडी घाटात नेऊ नका.

अचानक सुरू झालेली सततची कर्कश 'किर्रर्र' मात्र बहुतेक वेळा निरुपद्रवी निघते: ब्रेकची डिस्क आणि मागचा पातळ पत्रा यांच्यात बारीक खडा अडकलेला असतो. थोडं रिव्हर्स घेतलं की बऱ्याचदा पडतो.

किनाऱ्यावर, वाळूत गाडी घालत असाल तर घालू नका. गेलीच असेल तर त्याच दिवशी गाडीचं पोट आणि चाकांच्या कमानी गोड्या पाण्याने भरपूर धुवा.

मेकॅनिककडे जाताना

आता तुमच्या वहीत जागा असेल, वेळ असेल आणि हाताला लागलेला खेळ असेल. मेकॅनिकला "शॉकअप बदला" असं सांगू नका. "दादा, ब्रेक दाबताना डावीकडे एक टक येते, खड्ड्यात येत नाही, आर्मच्या मागच्या बुशमध्ये मला खेळ वाटला, तुम्ही एकदा बघा" असं सांगा आणि त्यांच्यासोबत एक फेरी मारा. चांगल्या मेकॅनिकला अशी माहिती हवीच असते. त्याचा तासभर वाचतो. कोणताही पार्ट काढण्याआधी त्यातला खेळ तुम्हाला दाखवायला सांगा, आणि काढलेला जुना पार्ट घरी घेऊन या. त्या बुशचा चिरलेला भाग, सुटलेलं रबर हातात घेऊन बघितलं की पुढच्या वेळी कान अधिक नेमका होतो.

शॉकअप आणि स्प्रिंगा जोडीने बदला, डावी-उजवी दोन्ही. बॉल जॉइंट किंवा बुश एकच गेलं असेल तर एकच बदललं तरी चालतं, पण दुसऱ्या बाजूचं तपासून घ्या. स्ट्रट उघडून स्प्रिंग काढायचं काम घरी करू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात तोडते.

काम चालू असताना एका गोष्टीवर नजर ठेवा. लोअर आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी हवेत लटकलेली असताना पूर्ण आवळायचे नसतात. नुसते बसवायचे, गाडी खाली उतरवायची, वजन चाकांवर येऊ द्यायचं, आणि मग शेवटचा पीळ द्यायचा. हवेत आवळलं तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि नवं बुश लवकरच फाटतं. घाईच्या गॅरेजात हे वगळलं जातं. नम्रपणे विचारा, कुणी रागावत नाही. सेल्फ-लॉकिंग नट आणि स्प्लिट पिन नव्या घालायला सांगा. टाय रॉड, आर्म किंवा स्ट्रट उघडला असेल तर अलाइनमेंट करूनच गाडी घरी आणा.

मग त्याच ओळखीच्या तुकड्यावर, त्याच चार फेऱ्या. त्याच काचा खाली, तोच माणूस शेजारी. आवाज गेला असेल तर वहीत तारीख, किलोमीटर आणि बदललेला पार्ट लिहा. राहिला असेल तर पुढचा पार्ट विकत घेऊ नका, परत पहिल्या फेरीपासून सुरू करा. एकाच वेळी दोन बिघाड असणं जुन्या गाडीत नेहमीचं आहे. आणि चाकं काढून लावली असतील तर साधारण पन्नास किलोमीटर चालवल्यावर सगळे नट पान्याने एकदा पुन्हा आवळून घ्या.